मल्टी ॲसेट फंड घ्यायचाय? आधी त्याचं फॅक्टशीट उघडा

नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी धरून पंधरा-वीस जणांना मी आजवर मल्टी ॲसेट फंड घ्यायला बसवलं आहे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "कुठला घेऊ, नाव सांग." मी नाव सांगत नाही. पाच मिनिटांत नाव सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांनी त्या फंडाच्या पोटात काय आहे हे स्वतः उघडून पाहिलेलं नसतं. हा लेख मुख्यतः त्या उघडून पाहण्याबद्दल, म्हणजे फंड कंपनी दर महिन्याला काढते ते पत्रक, फॅक्टशीट, वाचण्याबद्दल आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या भराभर उरकतो.

फंडाची कल्पना साधी आहे. शेअर, रोखे आणि सोनं-चांदी एकाच म्युच्युअल फंड योजनेत. हे तिन्ही सहसा एकदम पडत नाहीत, त्यामुळे एकूण रकमेचे हेलकावे कमी होतात. ज्यांना पाच-सात वर्षांनी पैसे लागणार आहेत आणि ज्यांची झोप शेअर बाजाराने उडते, त्यांच्यासाठी हा प्रकार चांगला आहे. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे यात घालू नका. आजारपणासाठी बाजूला ठेवलेले तर अजिबात नकोत, त्यांची जागा बँकेत.

"घरात सोनं आहेच, मग फंडातलं कशाला?" हे बायकापुरुष सगळेच विचारतात. मंगळसूत्र आणि पाटल्या ही गुंतवणूक नव्हे. भाव वाढला म्हणून त्या विकून कुणी शेअर घेत नाही. फंडातला व्यवस्थापक नेमकं तेच करतो: जे फुगलं ते थोडं विकतो, जे पडलं ते घेतो. शिवाय ही विक्री फंडाच्या आत होत असल्याने तुमच्यावर त्या वेळी कर लागत नाही. तीन वेगळे फंड घेऊन हेच स्वतः करता येतं, पण मग प्रत्येक विक्रीला कर भरावा लागतो. खरी अडचण मात्र धीराची असते. मी दोन वर्षं नेमाने केलं. मार्च २०२०मध्ये सोनं विकून शेअर घ्यायची वेळ आली तेव्हा माझा हात चालला नाही.

सुरुवातीची कामं

पॅन, आधार, केवायसी, बँक खातं आणि नॉमिनी हे सगळं एका बैठकीत होतं. नॉमिनीचा रकाना मोकळा सोडू नका.

पर्याय "ग्रोथ" घ्या, त्यात नफा फंडातच राहतो. "आयडीसीडब्ल्यू" म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड. त्यात तुमच्याच युनिटच्या (फंडातल्या तुमच्या हिश्श्याच्या) किमतीतून पैसे काढून तुम्हाला देतात आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.

योजना "डायरेक्ट" (मध्यस्थाशिवाय, थेट फंड कंपनीकडून) घ्या, अर्थात पुढची मेहनत स्वतः करणार असाल तरच. जानेवारी २०१३पासून ही सोय आहे. रेग्युलर योजनेत मध्यस्थाचं कमिशन दरवर्षी खर्चात मिसळलेलं असतं. एका टक्क्याचा फरक छोटा वाटतो, पण १० लाख रुपये पंधरा वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ४१ लाख ७७ हजार होतात आणि ९ टक्क्यांनी वाढले तर ३६ लाख ४२ हजार. चांगला सल्लागार दर वर्षी तुमच्याबरोबर बसत असेल, तर त्याला ते पैसे द्यायला माझी हरकत नाही. फॉर्मवर सही घेऊन गायब होणाऱ्याला मात्र देऊ नका.

नाव नीट वाचा. "मल्टी कॅप" हा पूर्ण वेगळा प्रकार आहे. त्यात किमान ७५ टक्के शेअर असतात आणि सोनं असावंच लागतं असं नाही. माझ्या एका सहकाऱ्याने दीड वर्ष मल्टी कॅपमध्ये हप्ते भरले आणि आपल्याकडे मल्टी ॲसेट आहे असंच तो समजत होता. "१० रुपयांना युनिट मिळतंय" म्हणून नवा फंडही घेऊ नका. युनिट १० रुपयांचं असो की ५०० रुपयांचं, तुमचे पैसे टक्क्यांतच वाढतात. आणि नव्या फंडाला वाचण्याजोगा इतिहासच नसतो.

इथे मी चुकलो होतो

२०१८मध्ये वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले पाच लाख मी एका मल्टी ॲसेट फंडात टाकले. तीन वर्षांचा परतावा पाहिला, नाव पाहिलं, बस. नावात "मल्टी ॲसेट" आहे म्हणजे तिन्ही गोष्टी साधारण सारख्या असतील असं मी गृहीत धरलं. २०२०च्या जानेवारी ते मार्चमध्ये सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के कोसळला. जानेवारीत ५ लाख ६० हजार दिसणारी रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ४ लाखांवर आली होती. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. रात्री जेवताना बातम्या लावायला सांगायचे, तेवढं त्यांनी बंद केलं. ते मला आजही आठवतं.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या फंडाचं मासिक फॅक्टशीट शेवटपर्यंत वाचलं. शेअर ७४ टक्के, त्यातले निम्मे मध्यम आणि लहान कंपन्यांचे. सोनं १० टक्क्यांच्या किंचित वर. उरलेले रोखे आणि रोकड.

यात नियम मोडलेला नव्हता. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकानुसार मल्टी ॲसेट फंडाने किमान तीन मालमत्ता वर्गांत प्रत्येकी किमान १० टक्के ठेवायचे, आणि परदेशी शेअर हा वेगळा वर्ग धरायचा नाही. म्हणजे ८० टक्के शेअर, १० टक्के रोखे आणि १० टक्के सोनं हाही मल्टी ॲसेट फंड, आणि ३५ टक्के शेअर ठेवणाराही मल्टी ॲसेट फंड. एकाच पाटीखाली दोन निराळी दुकानं. म्हणून "या प्रकारातले पहिले पाच फंड" अशा याद्या मला निरुपयोगी वाटतात. परताव्याप्रमाणे लावलेल्या यादीत वर कोण येणार? शेअर चढले त्या वर्षी शेअर जास्त असलेला, सोनं चढलं त्या वर्षी सोनं जास्त असलेला. एप्रिल २०२५मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. ते वर्ष ज्या आकड्यांत आहे ते सगळे आकडे देखणे दिसणार. पण २०१२च्या अखेरीस ३१ हजारांच्या आसपास असलेलं सोनं २०१८मध्येही साधारण तिथेच होतं, हे त्या यादीत दिसत नाही.

तेव्हा फंड कंपनीच्या संकेतस्थळावर जा आणि फॅक्टशीट उतरवून घ्या. महिना संपल्यावर दहा दिवसांत पूर्ण पोर्टफोलिओ (फंडात काय काय आहे त्याची यादी) जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक आहे. कागद-पेन घेऊन बसा.

सगळ्यात आधी शेअरचा निव्वळ आकडा काढा. वरवर वाचणारे सगळे इथेच फसतात. फॅक्टशीटमध्ये "इक्विटी ६६ टक्के" लिहिलेलं असतं आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरांत फ्युचर्सचे (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने व्यवहार करायच्या करारांचे) आकडे वजा चिन्हाने दिलेले असतात. फंडाने शेअर घेतला आणि त्याच शेअरचं फ्युचर विकलं, तर शेअर पडला काय नि चढला काय, फंडाला फरक पडत नाही. दोन भावांतला मधला फरक तेवढा मिळतो. याला आर्बिट्राज म्हणतात, आणि हा भाग वागायला रोख्यांसारखा असतो. समजा शेअर ६६, वजा फ्युचर्स १७, रोखे १८, सोनं-चांदी १४ आणि रोकड २. मग खरे जोखमीचे शेअर ६६ वजा १७, म्हणजे ४९. शांत भाग १८ अधिक २ अधिक १७, म्हणजे ३७. सोनं-चांदी १४. बेरीज शंभर आली पाहिजे, नाही आली तर तुमचं काहीतरी वाचायचं राहिलं आहे.

आता हा ४९ बाजाराच्या पडझडीवर लावून पाहा. शेअर ३० टक्के पडले तर या फंडाला शेअरमुळे जवळपास १५ टक्के फटका बसेल, म्हणजे पाच लाखांमागे साधारण ७४ हजार. निव्वळ ७० टक्के शेअरवाल्या फंडात तोच फटका २१ टक्क्यांचा, १ लाख ५ हजारांचा. टक्के वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही, म्हणून मी समोरच्याला रुपये मोठ्याने वाचायला लावतो. "एवढे गेले तर दोन वर्षं हात न लावता बसशील का?" उत्तर द्यायला वेळ लागला की मी कमी शेअरवाला फंड शोधायला सांगतो.

मग रोखे पाहा. या फंडात त्यांचं काम आधार देण्याचं आहे. सरकारी रोखे आणि "एएए" या सर्वात वरच्या दर्जाचे कागद असतील तर पुढे चला. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी "ए" दर्जाचे कागद भरलेले दिसले तर मी तो फंड खाली ठेवतो. एप्रिल २०२०मध्ये देशातल्या एका फंड कंपनीने एकदम सहा रोखे योजना बंद केल्या आणि लोकांचे पैसे अडकले. अशा कागदांना गरजेच्या वेळी गिऱ्हाईक मिळत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्याच पानावर "मॉडिफाइड ड्युरेशन" असतं. ते ३ असेल तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर रोख्यांच्या भागाची किंमत साधारण ३ टक्के उतरते. मला ४च्या वरचा आकडा या फंडात नको असतो.

सोनं-चांदीत एकच गोष्ट बघा: दोन्ही वेगवेगळे किती. चांदी ही शांत मालमत्ता नाही. तिचे चढउतार सोन्यापेक्षा बरेच मोठे असतात, आणि सोनं २ टक्के, चांदी १० टक्के हे मिश्रण "सोनं-चांदी १२ टक्के" या ओळीमागे सहज लपतं.

एवढं झालं की तोच फंड जुन्या तारखांना बघा. मी तीन महिने निवडतो: फेब्रुवारी २०२०, ऑक्टोबर २०२१ आणि गेला महिना. पडझडीच्या तोंडावर, तेजीच्या शिखराजवळ आणि आज, असे ते तीन. तिन्ही वेळा मिश्रण कमीअधिक सारखं असेल, किंवा बाजार महागल्यावर शेअर कमी केलेले दिसत असतील, तर व्यवस्थापकाची काही शिस्त आहे. तेजीत शेअर वाढवलेले दिसले तर तो फंड नको. फंड तेवढा जुना नसेल तर जेवढं मिळेल तेवढं बघा.

या सगळ्याला एका फंडामागे तासभर लागतो. तीन-चार फंड बघा, एक निवडा. दोन घेतले तरी चालेल, पण मल्टी ॲसेट आणि त्याच्या जोडीला बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज, ॲग्रेसिव्ह हायब्रिड हे शेअर-रोखे मिसळणारे आणखी दोन प्रकार, असे तिन्ही घेऊ नका. आतला माल बराचसा तोच असतो आणि हिशेब तिप्पट होतो.

कराचं एक वळण

ज्या फंडात देशी शेअर किमान ६५ टक्के असतात त्याला इक्विटी फंडाचा कर लागतो. त्यात आर्बिट्राजचे शेअरही मोजले जातात, म्हणूनच तो ६६चा आकडा जागोजागी दिसतो. वर्षभरानंतर विकलं तर, सगळ्या शेअर आणि इक्विटी फंडांचा मिळून, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४पासूनचे. शेअर ३५ ते ६५ टक्क्यांच्या मधे असतील तर मुदत दोन वर्षांची होते, कर साडेबारा टक्केच, पण सव्वा लाखाची सूट मिळत नाही. म्हणजे एक लाखाच्या नफ्यावर पहिल्या प्रकारात शून्य कर आणि दुसऱ्यात साडेबारा हजार, वर सेस. फंड कुठल्या प्रकारात बसतो हे योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. केवळ करासाठी फंड निवडू नका, पण दोन सारखे वाटले तर इथे ठरवा.

पैसे भरताना आणि काढताना

एसआयपी, म्हणजे दरमहा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, पगारानंतर दोन-तीन दिवसांनी लावा. कुठल्या तारखेला लावली तर जास्त परतावा मिळतो या चर्चेत वेळ घालवू नका. ५,००० रुपयांच्या हप्त्याला ४,९९९.७५ रुपयांचे युनिट मिळालेले पाहून फोन करू नका, ते पंचवीस पैसे मुद्रांक शुल्काचे आहेत. मोठी रक्कम एकदम आली असेल तर सहा ते बारा महिन्यांत विभागून भरा. गणिताने ते दर वेळी फायद्याचं ठरत नाही, पण भरल्यानंतर महिन्याभरात बाजार पडला की माणसं घाबरून काढतात, आणि त्या नुकसानीपुढे हा तोटा काहीच नाही.

वर्षातून एकदा, मी दिवाळीनंतर करतो, फॅक्टशीट पुन्हा उघडा आणि तेच तीन आकडे काढा. निव्वळ शेअर, रोख्यांचा दर्जा, सोनं-चांदी. ४९चे ६८ झाले असतील तर कारण शोधा. परतावा शेजाऱ्याच्या फंडापेक्षा कमी पडला म्हणून बदलू नका. वडिलांचा फंड मी वर्षभराने बदलला, बाजार सावरल्यावर, आणि बदलण्याचं कारण तो ७४चा आकडा होता.

पैसे लागण्याच्या दोन वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून बँकेत ठेवायला लागा. काढताना एवढं लक्षात असू द्या की जे युनिट आधी घेतले तेच आधी विकले जातात आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजली जाते. पहिल्या हप्त्याला पाच वर्षं झाली असली तरी गेल्या अकरा महिन्यांतले हप्ते कराला आणि एग्झिट लोडला (लवकर काढल्यास फंड कापतो त्या रकमेला) अजून कोवळेच असतात. म्हणून सगळं एकदम न काढता जुने युनिट काढा आणि शेवटचे बारा हप्ते (कराची मुदत दोन वर्षांची असलेल्या फंडात चोवीस) पिकेपर्यंत राहू द्या.