अबॉर्शनचं ठरवताय? आधी आठवडे मोजा, मग गोळ्या की व्हॅक्यूम ते बघा

सगळ्यात आधी आठवडे मोजायचे, बाकी सगळं नंतर. आणि इथेच घोळ होतो, कारण मोजायचं ते संबंध आले त्या दिवसापासून नाही तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल आणि ती चुकून दोन आठवडे झाले तर डॉक्टर सहा आठवडे धरतात. पाळी मागेपुढे होत असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तारखेच्या भरवशावर राहू नका, सोनोग्राफी करा.

सोनोग्राफीचं अजून एक काम म्हणजे गर्भ पिशवीतच आहे ना ते बघणं. तो पिशवीबाहेर, बाजूच्या गर्भनळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही, उलट गोळ्यांनी थोडं रक्त जातं, बाईला वाटतं झालं एकदाचं, आणि आत नळी फुटून जीवावर बेततं. मेडिकलमधून परस्पर किट आणून गुपचूप घेण्यातला सगळ्यात मोठा धोका माझ्या मते हाच.

गोळ्या आपल्याकडे ९ आठवड्यांपर्यंत देतात, तेही प्रिस्क्रिप्शनवरच. आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. खरा त्रास दुसऱ्या गोळ्यांनंतर, काही तासांत पोटात जोरात कळा येतात, गुठळ्या पडतात, कधी जुलाब, उलटी, थंडी वाजून येते. त्या दिवशी घरी एकटं राहू नका, आणि अडचण आली तर कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते आधीच ठरवून ठेवा. नंतर थोडंथोडं रक्त आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतं. एचबी खूप कमी असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असतील, कॉपर-टी आत असेल तर हे आधीच सांगायचं, लपवायचं नाही. आणि दोन आठवड्यांनी चेकअपला जायचंच, कारण शंभरातल्या काहीजणींमध्ये तुकडे राहतात किंवा गर्भ तसाच वाढत राहतो, आणि मिसोप्रोस्टॉलमुळे अशा बाळात व्यंग येऊ शकतं.

दुसरा मार्ग व्हॅक्यूमचा, म्हणजे नळी घालून गर्भ ओढून काढायचा, साधारण १२ आठवड्यांपर्यंत. काही मिनिटांचं काम, बहुतेक त्याच दिवशी घरी. इन्फेक्शन, थोडं आत राहून जाणं, क्वचित पिशवीला इजा, हे धोके आहेत पण चांगल्या हातात कमी. आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट क्युरेटिंग म्हणतात, म्हणून विचाराच की व्हॅक्यूमने करणार की खरवडून? खरवडण्याची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटना आता नको म्हणते, त्यात इजा आणि पिशवी आतून चिकटण्याचा धोका जास्त. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. १२ आठवड्यांच्या पुढे हॉस्पिटलमध्येच, आणि जितका उशीर तितकी रिस्क वाढते.

पपई, काढे, पोट चोळणं, काडी घालणं यातलं काहीच नको. पपईने होत काही नाही, दिवस मात्र वाया जातात, आणि काडीने सेप्टिक होऊन बायका मेल्यात.

तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि सलग दोन तास तेच चाललंय, ताप एक दिवसाहून जास्त, घाण वास, चक्कर, न थांबणारं पोट किंवा खांदा दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. दुसऱ्या गोळ्यांनंतर २४ तासांत रक्तच गेलं नाही तरी डॉक्टरांना कळवा.

कायद्याचं थोडक्यात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं आणि तेही ठराविक कारणांसाठी, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड, म्हणजे त्यासाठी नेमलेलं डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. तुम्ही १८ पूर्ण असाल तर सही फक्त तुमची, नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवतात ते कायद्यात कुठेच नाही. लग्न न झालेल्या मुलींनाही हा हक्क आहे, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो २० ते २४ आठवड्यांसाठीही स्पष्ट केलाय. मुलगा-मुलगी तपासणं मात्र गुन्हाच.

नीट केलेल्या अबॉर्शनने पुढे मूल होत नाही असं काही नसतं. उलट पुढची पाळी यायच्या आतच परत दिवस राहू शकतात, त्यामुळे व्हॅक्यूम होत असेल तर हवी असल्यास कॉपर-टी त्याच वेळी बसवून घेता येते, गोळ्या घेतल्या असतील तर पिशवी रिकामी झाली हे कळल्यावर.