त्रास देणाऱ्या बॉसकडे राजीनामा टाकण्याआधी एवढं करा

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठेही बघा, बॉस आकसाने वागतो म्हणून लोक रागाच्या भरात तोंडी राजीनामा देऊन मोकळे होतात आणि मग रिलीव्हिंग लेटर, उरलेला पगार यासाठी महिनोन्महिने चकरा मारत बसतात. ऑफिसचं लॉगिन कधीही बंद होऊ शकतं, त्यामुळे क्रम उलटा ठेवा.

१. आधी पगाराच्या स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर, फॉर्म १६, शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट घरच्या मेलवर घ्या. पीएफच्या यूएएनला (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) स्वतःचाच मोबाईल नंबर जोडलेला आहे ना तेही बघा.

२. नोटीस पीरियड लेटरमध्ये किती लिहिलाय ते वाचा, बॉस सांगतो तो नाही. त्या कंपनीत ५ वर्षं भरत आली असतील तर थोडं थांबा हो, ती भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, म्हणजे ग्रॅच्युइटी, तुमच्या हक्काची आहे.

३. राजीनामा मेलवरच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, एचआरला सीसी, स्वतःला बीसीसी. शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि बॉसबद्दल एक शब्दही नको, कितीही जीव जळत असला तरी.

फक्त क्लायंटचा डेटा किंवा कंपनीच्या फाइली घरच्या मेलवर अजिबात पाठवू नका, असा बॉस तेच कारण शोधत असतो.