अ‍ॅडव्हेंटिस्ट शाळेसाठी थीमनुसार वाचनाची पुस्तकं कशी निवडायची

आपल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट शाळांमध्ये, म्हणजे शनिवार हा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या शाळांमध्ये, पुस्तकांची यादी करायची वेळ आली की बरेच शिक्षक आधी कॅटलॉग उघडतात. मी पण कित्येक वर्षं तेच करायचे, आणि मग व्हायचं काय की आवडलेली पुस्तकं आधी जमायची आणि थीम नंतर ओढूनताणून चिकटवली जायची. उलट करा. आधी थीम ठरवा, आणि थीम म्हणजे नुसता एक शब्द नको, प्रश्न हवा. 'धैर्य' असं फळ्यावर लिहून मुलांपुढे काहीच उभं राहत नाही. 'सगळे एका बाजूला असताना एकट्याने नाही म्हणायचं तर काय लागतं?' असं विचारलं की बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले, राजाच्या मूर्तीपुढे झुकायला नकार देऊन भट्टीसमोर उभे असलेले ते तिघं लगेच वर्गात येतात. 'क्षमा' ऐवजी 'ज्याने आपलं वाटोळं केलं त्याने माफी मागितलीच नाही तर?' असं विचारा. असा प्रश्न हातात असला की कुठलं पुस्तक त्याला भिडतंय आणि कुठलं नुसतं आजूबाजूला फिरतंय ते आपोआप कळतं. वर्षाला पाचसहा थीम पुष्कळ झाल्या: सृष्टी, कुटुंब, सेवा, धैर्य, क्षमा, आशा. जास्त घेतल्या तर नुसती पळापळ होते.

आपल्या चर्चच्या उत्तर अमेरिका डिव्हिजनच्या, म्हणजे तिथल्या प्रादेशिक विभागाच्या, शाळांमध्ये पहिली ते आठवीसाठी पाथवेज नावाचा भाषेचा कार्यक्रम आहे, तो अशाच थीम बुक्सभोवती बांधलेला आहे, त्यामुळे ही पद्धत आपल्याकडे काही नवी नाही. पण तयार यादी मिळाली तरी ती डोळे झाकून उचलू नका, कारण तुमच्या वर्गातली मुलं यादी करणाऱ्याने पाहिलेली नसतात.

आता खरा अवघड भाग, चाळणी कशी लावायची. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे गोष्ट काल्पनिक आहे ना मग नकोच, आणि दुसरं म्हणजे प्रसिद्ध आहे ना मग चालेल. पहिल्या टोकाचे लोक आपल्या चर्चच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलेन व्हाइट यांचा दाखला देतात, आणि त्यांनी फिक्शनबद्दल खूप कडक लिहिलंय हे खरंच आहे. पण त्यांचा रोख होता व्यसन लावणाऱ्या, भडक, डोकं बधिर करणाऱ्या कथांवर. त्यांनी स्वतः मुलांसाठी आणि घरच्या वाचनासाठी नियतकालिकांमधून बोधकथा कापून ठेवल्या होत्या आणि त्यांचे संग्रह काढले, आणि जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं, म्हणजे सरळसरळ रूपककथेचं, त्यांनी कौतुक केलंय. 1971 मध्ये जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे चर्चच्या जागतिक मुख्य संस्थेने, आपल्या शाळांमध्ये साहित्य कसं शिकवावं यावर मार्गदर्शिका काढली, त्यात हाच फरक समजावलेला आहे. त्यातली एक कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते: पुस्तक वाईटाला हवंहवंसं आणि चांगल्याला क्षुल्लक करतंय का? पुस्तकात वाईट आहे का, असं विचारलेलं नाही. तसं विचारलं तर बायबलमधलेच काइन, दावीद आणि बथशेबा, योसेफाला विकणारे भाऊ, सगळंच बाजूला ठेवावं लागेल.

बोलणारे प्राणी, बोलणारी झाडं यावरून पण दरवर्षी वाद होतो. बायबलच्या शास्ते या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात आणि काटेरी झुडपाशी बोलतात, ते वाचून दाखवा, चर्चा शांत होते. मंत्रतंत्र, भूतं, मेलेल्यांशी संवाद हा मात्र वेगळा विषय आहे, तिथे मी सैल सोडत नाही, कारण ते आपल्या विश्वासाच्या थेट आड येतं.

आणि हे आड येणं नेहमी उघड दिसत नाही बरं का. सगळ्यात जास्त ते लपतं दुःखावरच्या गोड चित्रपुस्तकांमध्ये. एकदा मी 'आशा' ह्या थीमसाठी आजोबा गेल्यावरची एक गोष्ट निवडली, चित्रं इतकी सुंदर की मागचं कव्हर आणि पहिली आठदहा पानं बघून घेऊन टाकली. शेवटच्या पानावर आजोबा तारा झालेले आणि वरून नातवाकडे बघतायत. वर्गात एक मुलगी होती, तिचे आजोबा दोन महिन्यांपूर्वीच गेले होते, तिने विचारलं, 'टीचर, मग माझे आजोबा झोपलेत की बघतायत?' चर्चमध्ये तिला सांगितलं होतं की मेलेले पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतात, येशूने मेलेल्या लाजरसाबद्दल 'तो झोपलाय' म्हटलं तसं, आणि मी हातात दिलेलं पुस्तक दुसरंच सांगत होतं. मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मला आजही लागतं. तेव्हापासून मी एक पण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचल्याशिवाय यादीत घालत नाही. शितावरून भाताची परीक्षा पुस्तकांना लागू होत नाही.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि मनात तीन कप्पे ठेवा: सरळ नको, बोलून चालेल, आणि काही अडचण नाही. बहुतेक चांगली पुस्तकं मधल्या कप्प्यात जातात. म्हणजे गोष्टीतला मुलगा शनिवारी मॅच खेळतो, किंवा जुन्या काळातल्या जेवणाच्या प्रसंगात टेबलावर आपण वर्ज्य मानतो ती वाइन आणि डुकराचं मांस आहे, यासाठी पुस्तक फेकायचं नसतं. मुलांना विचारा, तुमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, तुम्ही त्याच्या जागी असता तर टीमला काय सांगितलं असतं? अशा एका प्रश्नातून जेवढं निघतं तेवढं दहा उपदेशांतून निघत नाही. पण दारू पिणं हेच हिरोचं मोठेपण म्हणून दाखवलेलं असेल, किंवा प्रार्थना करणारं पात्र मुद्दाम मूर्ख रंगवलेलं असेल, तर ते पहिल्या कप्प्यात, कितीही बक्षिसं मिळालेली असोत.

सृष्टीच्या थीमला जास्त वेळ द्या. निसर्गावरची चांगली छापलेली पुस्तकं जवळजवळ सगळी कोट्यवधी वर्षांची भाषा बोलतात आणि आपण सहा दिवसांची निर्मिती मानतो. लहान वर्गांसाठी मी निरीक्षणावरची पुस्तकं घेते, घरटं कसं बांधलं जातं, बी कसं रुजतं, मधमाशी वाट कशी दाखवते, तिथे वादाचा प्रश्नच क्वचित येतो आणि मूल आश्चर्याने भरून जातं. मोठ्या वर्गांना मात्र कोट्यवधी वर्षांचं ते वाक्य झाकून देऊ नका, पानावर पट्टी चिकटवणं हा तर मुलांवरचा अविश्वास झाला. वाचू द्या, लेखक काय मानतो, आपण काय मानतो आणि का, ते उघड बोला. उद्या कॉलेजात ते वाक्य त्यांना भेटणारच आहे.

प्रत्येक थीमला एकाच जातीची पुस्तकं नकोत. एक गोष्ट, एक चरित्र, एक माहितीचं पुस्तक, थोड्या कविता आणि बायबलमधला एक भाग, असं एकत्र ठेवलं की थीम चारी बाजूंनी दिसते. चरित्रांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि ते वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. धैर्याच्या थीमला अमेरिकन सैन्यातला वैद्यकीय सेवक डेस्मंड डॉस घ्या, हातात शस्त्र न घेता 1945 मध्ये ओकिनावाच्या लढाईत त्याने कड्यावरून सुमारे 75 जखमी सैनिक खाली उतरवले. त्याच्या शेजारी जॉन वाइडनर ठेवा, ज्याने दुसऱ्या महायुद्धात डच-पॅरिस नावाच्या गुप्त साखळीतून शेकडो ज्यू आणि इतर लोकांना सुरक्षित पोचवलं. आणि मग इवा डाइक्स, 1921 मध्ये पीएचडीचं काम पूर्ण करणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय बाईंपैकी एक, ज्यांनी पुढे आपल्या ओकवूड कॉलेजात शिकवलं. रणांगण, गुप्त वाटा आणि वर्गखोली, धैर्य तिन्हीकडे आहे हे मुलांना सांगावं लागत नाही. फक्त सगळेच नायक अ‍ॅडव्हेंटिस्ट ठेवू नका, नाहीतर चांगुलपणा आपल्याच घरचा आहे असं मुलांना वाटायला लागतं.

लेव्हलचं थोडक्यात सांगते. एकाच वर्गात दोनतीन इयत्तांचं अंतर असलेले वाचक असतात, म्हणून थीममागे एक पुस्तक शिक्षकाने मोठ्याने वाचायचं, दोन किंवा तीन पुस्तकांच्या पाचसहा प्रती गटांसाठी, आणि बाकी एकेक प्रत ज्याला जे हवं त्याच्यासाठी. मूल पुस्तक घेताना एक पान वाचून बघेल, पाच शब्दांना अडखळलं तर ते पुस्तक सध्या त्याला जड आहे. आणि अडखळणाऱ्या मुलाला बाळबोध पुस्तक देऊ नका, सोपी भाषा पण विषय त्याच्या वयाचा असं शोधा, वेळ लागतो पण सापडतं.

निवड एकट्याने करू नका. दोन शिक्षक, एक पालक आणि जमल्यास पास्टर अशी छोटी समिती करा, निवडीचे निकष एका पानावर लिहून शाळेच्या बोर्डाकडून मंजूर करून घ्या, यादी डिव्हिजन किंवा त्याखालच्या युनियनच्या शिक्षण विभागाच्या सूचनांशी ताडून बघा. वर्ष सुरू व्हायच्या आधी पालकांना थीम आणि पुस्तकांची नावं पाठवा, मधल्या कप्प्यातल्या पुस्तकांबद्दल आपण वर्गात काय बोलणार आहोत ते पण दोन ओळींत लिहा. तक्रार येईल तर येऊ दे, फक्त नियम असा ठेवा की तक्रार करणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, आणि उत्तर देणाऱ्याने पण.

प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: थीमचा प्रश्न, कुठल्या पानावर थांबून काय बोलायचं, सोबत बायबलचा कोणता भाग, कोणी वाचून पास केलं आणि तारीख. वर्षाअखेरीला त्याच चिठ्ठीवर मुलांनी काय विचारलं ते लिहून ठेवा. माझ्या त्या दुःखावरच्या पुस्तकाच्या जागी आता दुसरं आहे, त्यात आजी जाते आणि नातू तिच्या बागेला पाणी घालत राहतो, तारा वगैरे काही नाही. चिठ्ठीवर पान 22 लिहिलंय, योहान 11, म्हणजे लाजरसाची गोष्ट, आणि खाली त्या मुलीचा प्रश्न.