मायएसक्यूएल ५.५ वरून ८.४ वर जायचंय? आधी मराठी नावं बघा

नागपूरच्या इतवारीतल्या ठोक दुकानात जुनं पीएचपीचं बिलिंग अन् त्याच्याखाली डेटा सांभाळणारं मायएसक्यूएल ५.५ अजून चालूनच राहिलं असेल, तर भाऊ, त्याचा सपोर्ट डिसेंबर २०१८ मध्येच संपला. ८.४ टाकून त्याला जुनं डेटा फोल्डर दाखवायचं हा विचार सोडा, ते उघडणारच नाही. तसं जायचं तर ५.६, ५.७, ८.० असे सगळे थांबे घ्यावे लागतात. डेटा पाच-दहा जीबीचा असेल तर मी म्हणीन सरळ डंप (सगळ्या डेटाची टेक्स्ट फाइल) काढा, फक्त आपल्या डेटाबेसचा, सिस्टमवाला घेऊच नका, युजर नव्याने बनवा.

खरी मेहनत मराठीची आहे. ५.५ चा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट, म्हणजे बाइटवरून अक्षर ओळखायची पद्धत, लॅटिन१, त्यात मराठी नाही, अन् जुन्या पीएचपीने यूटीएफ-८ चे बाइट तसेच त्यात कोंबले, स्क्रीनवर नाव बरोबर दिसते म्हणून कोणी खाली पाहिलंच नाही. कॉलमवर हेक्स फंक्शन लावा, ते आतले खरे बाइट दाखवते, 'स' च्या जागी ई०ए४बी८ आलं अन् कॉलम लॅटिन१ असला तर केस हीच. त्याला थेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८) केलं की सर्व्हर एकेका बाइटला वेगळं अक्षर समजतो अन् कचरा टेबलातच पक्का होतो. आधी व्हारबायनरी (नुसते बाइट, अक्षर नाही) करा, मग यूटीएफ८एमबी४, अन् हे सगळं कॉपीवर, चालू दुकानावर नाही. मग डंपही यूटीएफ८एमबी४ मध्येच काढा.

आणि हो, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे लॅटिन१ च्या व्हारकॅर ५० मध्ये, जिथे पन्नासच बाइट बसतात, काना-मात्रा धरून सोळाच मावले, पुढचं नाव गुपचूप कापलं गेलं, कुठे तर चिन्हच मधातून तुटलं. त्यामुळे कन्व्हर्ट करताना आलेल्या वॉर्निंग वाचाच. कॉलम बदलायच्या आधी लेंथ बरोबर ५० असलेल्या ओळी काढा, यादी छापा, मुनीमजीला द्या. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव त्यांनाच माहीत असते, स्क्रिप्टला नाही.

शून्य तारखा (००००-००-०० अशा) पण पाहा. डंप लोड होताना स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारा) बंद असतो म्हणून त्या चुपचाप आत येतात, मग महिन्याभराने कोणी टेबलला ऑल्टर मारला की अडतात. जुन्याकडेच नल करून टाका. कोडमध्ये रँक, ग्रुप्स, सिस्टम अशा नावाचे कॉलम शोधा, हे आता राखीव शब्द आहेत. ग्रुप बाय केलं की आपोआप सॉर्ट व्हायचं तेही ८.० पासून बंद, ऑर्डर बाय लिहा. जुनं पीएचपी लॉगिनलाच अडेल, कारण ८.४ मध्ये नेटिव्ह पासवर्ड प्लगइन, म्हणजे लॉगिनची जुनी पद्धत, बंद येते. ते सुरू करता येते, पण पीएचपीच नवीन केलेलं बरं.

दिवस निवडायचा तर मारबतीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीचा, त्या दिवशी इतवारीत तशीही गाडी शिरत नाही. इडा पीडा, शून्य तारखा, सगळं घेऊन जा गे मारबत!

लोड झाल्यावर ओळी मोजा, पण काउंट लावून, इन्फर्मेशन स्कीमात (सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीच्या टेबलांत) इनोडीबी टेबलच्या ओळींचा आकडा अंदाजाचा असतो. मग गिऱ्हाइकवार उधारीची बेरीज दोन्हीकडे काढून जुळवा, एक रुपयाचाही फरक आला तर थांबा. जुना सर्व्हर रीड-ओन्ली करून पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवा. रीड-ओन्ली रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) थांबवत नाही, अन् बिलिंग रूटनेच जोडलेलं असते बऱ्याचदा, म्हणून तिथला पासवर्डही बदला.