भेंडीचा केवडा, मालदांडीचे बियाणे: उत्क्रांतीचे मॉडेल शीटवर कसे बसवावे

भेंडीच्या पानावर शिरा पिवळ्या पडून जाळे दिसू लागले की शेतकरी म्हणतो, केवडा आला. हा रोग मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच नोंदला गेला. त्याला तोंड देणारे वाण नंतर एकामागून एक आले: पुसा सावनी, परभणी क्रांती, अर्का अनामिका. पुसा सावनीचा प्रतिकार काही वर्षांत ढासळला, आणि पुढच्या वाणांवरही केवडा दिसू लागला. वाण भेदणारा विषाणू किती वेगाने पसरतो, कशाने रेंगाळतो, आणि हे कळण्यासाठी शेतातून नेमके काय मोजून आणायचे, हे गणिताने काढता येते. त्यासाठी एक स्प्रेडशीट, बारावीपर्यंतचे लॉगरिदम आणि बांधावर जाऊन मोजणी करायची तयारी एवढे पुरते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

"केवड्याच्या विषाणूची उत्क्रांती अभ्यासायची आहे" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: मोहोळ परिसरातल्या भेंडीच्या ६० टक्के क्षेत्रावर प्रतिकारक वाण लावला, तर तो भेदणारा विषाणू निम्म्या रोगट झाडांत दिसायला किती पिढ्या लागतील? यात एक जागा आहे, एक टक्केवारी आहे आणि उत्तराचे एकक आहे. प्रश्न इतका आवळला की लागणारे आकडे आपोआप चारच उरतात.

र म्हणजे प्रतिकारक वाणाखालच्या क्षेत्राचा वाटा. क म्हणजे भेदक विषाणूला साध्या वाणावर मोजावी लागणारी किंमत. नवी क्षमता मिळवताना तो जुन्या घरात थोडा मंदावतो. प म्हणजे विषाणूंमध्ये भेदक प्रकाराचे प्रमाण. चौथा आकडा पिढीचा. इथे पिढी म्हणजे एका झाडाला लागण झाल्यापासून पांढऱ्या माशीमार्फत ती पुढच्या झाडाला लागेपर्यंतचा सरासरी काळ. उदाहरणासाठी २० दिवस धरू. खरा आकडा तुमच्या शेतातल्या तारखांवरून काढा.

मूळ विषाणू प्रतिकारक झाडावर अजिबात वाढत नाही असे धरले, तर सूत्र असे:

पुढचा प = प × (१ − क) ÷ [ प × (१ − क) + (१ − प) × (१ − र) ]

शीटमध्ये पहिल्या स्तंभात ० ते २०० पिढ्या आणि दुसऱ्यात प घ्या. र आणि क वरच्या दोन वेगळ्या खणांत ठेवा आणि सूत्रात त्यांचा पत्ता डॉलरचे चिन्ह लावून पक्का करा. डॉलर विसरलात तर सूत्र खाली ओढताना पत्ता रिकाम्या खणांवर सरकतो, शीट त्यांना शून्य मानते आणि आलेख सरळ आडवी रेघ होतो. एररही येत नाही, म्हणून ही चूक दिवसभर लपून राहते.

आलेखावर भरवसा ठेवण्याआधी तीन चाचण्या घ्या. र आणि क समान ठेवले तर प हलता कामा नये. क ला १ केले की भेदक विषाणू पुढच्याच पिढीत संपला पाहिजे. र ला १ केले (क मात्र १ पेक्षा कमी) की पुढच्याच पिढीत प पूर्ण १ झाला पाहिजे. यातली एकही चाचणी फसली तर कंस तपासा; बहुतेक वेळा छेदातला कंस सुटलेला असतो.

आकडे घालून पाहू

सुरुवातीचा प ०.०००१, क ०.१५, र ०.६ घ्या. प्रत्येक पिढीत भेदक आणि मूळ यांचे गुणोत्तर ०.८५ ÷ ०.४, म्हणजे २.१२५ पटीने वाढते. निम्म्यावर पोचायला सुमारे १२ पिढ्या लागतात. २० दिवसांच्या पिढीने साधारण आठ महिने. आता र फक्त ०.२ करा. पट १.०६२५ वर येते आणि पिढ्या होतात १५२, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. र ०.१ केला तर भेदक विषाणू वाढतच नाही, उलट घटतो. उंबरठा सूत्रातच दिसतो: र हा क पेक्षा मोठा झाला की भेदक पुढे सरकतो.

आता खरे कामाचे. क चा आकडा नक्की माहीत नसतो, म्हणून तो ०.०५ ते ०.३० असा फिरवून पाहा. र ०.६ असताना उत्तर १०.६ पासून १६.५ पिढ्यांपर्यंत हलते. फरक फार नाही. र ०.२ असताना मात्र क ०.०५ ला ५४ पिढ्या, आणि क ०.३० ला भेदक विषाणू टिकतच नाही. म्हणून जिथे प्रतिकारक वाण आधीच भरपूर पसरला आहे तिथे क मोजण्यात पैसा घालू नका, पिढीचा काळ नीट मोजा. जिथे वाण नुकताच येतो आहे तिथे क आधी मोजा. कोणता आकडा मोजायला पहिल्यांदा बाहेर पडायचे हे मॉडेल सांगते, आणि तेवढ्यासाठीही ते बसवण्यासारखे आहे. सुरुवातीचा प दहापट चुकला तरी र ०.६ ला उत्तर फक्त तीन पिढ्यांनी हलते, हेही शीटवर लगेच दिसते.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. प हे प्रमाण आहे, रोगट झाडांची संख्या नव्हे. एका रोगट झाडापासून, सगळी झाडे साध्या वाणाची असताना, चार नव्या झाडांना लागण होते असे धरा. र ०.८ झाला की मूळ विषाणूचा हा आकडा ०.८ वर येतो आणि तो विझत जातो. भेदकाचा आकडा मात्र ३.४ राहतो. रान दोन हंगाम हिरवेगार दिसते, वाण यशस्वी म्हणून जाहीर होतो, आणि त्याच काळात उरलेल्या थोड्या रोगट झाडांत प चढत असतो. म्हणून रोग कमी असलेल्या वर्षीच नमुने जास्त घ्यायला हवेत.

भेदक विषाणू मुळात येतो कुठून

सुरुवातीचा प अंदाजाने भरण्यापेक्षा उत्परिवर्तनावरून काढा. उदाहरणाला पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू घेऊ. त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर) आरएनएचा, सुमारे १०,३०० अक्षरांचा आहे. नक्कल करताना एका अक्षरामागे लाखात एक चूक धरली, तर एक ठरावीक अक्षर एका ठरावीक अक्षरात बदलण्याची शक्यता त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे दहा लाखांत ३.३. ती क ने, ०.१५ ने, भागा: दहा लाखांत साधारण २२. निवड आणि उत्परिवर्तन यांच्या समतोलात भेदक विषाणू एवढ्या प्रमाणात आधीपासून असतोच. प्रतिकारक वाण त्याला जन्म देत नाही, फक्त वाट मोकळी करून देतो.

भेदायला दोन स्वतंत्र बदल एकदम लागत असतील तर शक्यता वर्गात जाते, एक लाख कोटींत सुमारे ११. म्हणून एकाच वाणात दोन जनुके घालणे फायद्याचे. पण त्याच शिवारात एकेकटे जनुक असलेले वाणही लावले, तर विषाणूला दोन पायऱ्या एकेक करून चढता येतात आणि हा सगळा हिशेब कोसळतो.

वाहकाचा अडथळाही धरायला हवा. बटाट्यावरच्या वाय विषाणूत मावा एका वेळी सरासरी ०.५ ते ३.२ विषाणूकणच पुढे पोचवतो असा अंदाज आहे. इतक्या अरुंद दारातून जाताना दुर्मीळ प्रकार केवळ दैवाने गळतो. प फार लहान असताना वरचे नेमके सूत्र म्हणूनच फसवे ठरते. त्या टप्प्यावर यादृच्छिक निवड घाला (पद्धत पुढे ज्वारीत आहे), किमान १,००० फेऱ्या चालवा आणि एका उत्तराऐवजी उत्तरांचा पसारा नोंदवा.

शेतातून काय आणायचे

५ टक्के प्रमाणात असलेला प्रकार ९५ टक्के खात्रीने निदान एकदा सापडायला ५९ रोगट झाडे लागतात. १ टक्का असेल तर २९९. दहा पाने आणून "भेदक प्रकार नाही" असा निष्कर्ष काढता येत नाही. एका झाडाचे एकच कोवळे, वरचे पान घ्या. ते सिलिका जेलच्या पुडीत बंद करा आणि त्यावर तारीख, गाव, वाण आणि ओळ क्रमांक लिहा. सगळी पाने बांधाच्या कडेची किंवा सर्वांत पिवळी नकोत. कडेला माशी जास्त बसते, आणि ठळक लक्षण दाखवणारा प्रकारच तेवढा पिशवीत येतो. ओळी आधी चिठ्ठीने ठरवून मग रानात उतरा.

क मोजायला दोन्ही प्रकार समप्रमाणात साध्या वाणावर, कीटकरोधक जाळीत सोडा. समजा दोन पिढ्यांनंतर भेदक आणि मूळ यांचे गुणोत्तर १ वरून ०.७२ झाले. त्याचे वर्गमूळ ०.८५, म्हणून क ०.१५. निदान ३० झाडे घ्या, नाहीतर एखाददुसऱ्या झाडातला योगायोग क म्हणून नोंदला जाईल.

सिक्वेन्स आणि घड्याळ

भेंडीच्या केवड्याचा विषाणू बेगोमोव्हायरस गटातला आहे. त्याचा डीएनए एकेरी, गोल आणि सुमारे २,७४० अक्षरांचा असतो. सोबत सुमारे १,३५० अक्षरांचा बीटासॅटेलाइट असतो, आणि लक्षणे उठून दिसायला तो लागतो. दोघांचे सिक्वेन्स (वाचून काढलेला अक्षरांचा क्रम) एकाच फाइलीत मिसळू नका. जीनोम गोल असल्याने जेनबँक या सार्वजनिक संग्रहातले काही सिक्वेन्स वेगळ्या ठिकाणाहून सुरू झालेले सापडतात. सगळे फिरवून टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी या नऊ अक्षरांतल्या सातव्यानंतर सुरू करा, मग माफ्ट या प्रोग्राममध्ये एकाखाली एक जुळवा. हे राहिले तर एकच विषाणू दोन टोकांना गेलेला दिसतो.

पुढची पायरी पुनर्संयोगाची, आणि बहुतेक चुकलेली विश्लेषणे इथेच चुकतात. बेगोमोव्हायरस एकमेकांचे तुकडे सर्रास उचलतात. आरडीपी या प्रोग्रामने असे तुकडे शोधून वेगळे काढा, मगच आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये वंशवृक्ष बांधा. भेंडीत वाण भेदला जातो तेव्हा कारण एका अक्षराचा बदल नसून उचललेला तुकडा किंवा दुसराच विषाणू, उदाहरणार्थ भेंडीचा एनेशन लीफ कर्ल विषाणू, असू शकतो. तसे दिसले तर वरचे एकजनुकी मॉडेल बाजूला ठेवा. ते लागू होत नाही.

बदलाचा वेग काढायला टेम्पएस्ट या प्रोग्राममध्ये वंशवृक्षाच्या मुळापासूनचे अंतर आणि नमुन्याची तारीख यांची रेषा बसवा. टोमॅटोच्या पिवळ्या बोकड्याच्या विषाणूत हा वेग वर्षाला अक्षरामागे ०.०००३ च्या आसपास निघाला आहे. २,७४० अक्षरांवर तो वर्षाला ०.८ बदल होतो. पाच वर्षांच्या नमुन्यांत म्हणजे जेमतेम चार बदल. सिक्वेन्सिंगच्या चुकाच तेवढ्या असू शकतात. वीस वर्षांचा पसारा असेल तर सोळा. जुने वाळवलेले नमुने म्हणून मोलाचे आहेत. रेषा बसल्यावर तारखा नमुन्यांत चिठ्ठीने उलटसुलट करून वेग पुन्हा काढा. तरीही तोच वेग आला तर तुमच्या माहितीत घड्याळ नाही, म्हणजे तिच्यावरून काळ मोजता येत नाही.

मालदांडी: इथे दैव मोठे

मालदांडी ३५-१ ही ज्वारी स्थानिक मालदांडीतून मोहोळला निवडलेली. शेतकरी कणसे बाजूला काढून बी राखतो. किती कणसे राखली यावर त्या बियाण्यातली विविधता ठरते. ज्वारी बहुतांशी स्वपरागित आहे. स्वपरागण ९० टक्के धरले तर अंतःप्रजननाचा गुणांक ०.९ ÷ १.१, म्हणजे ०.८२. परिणामकारक संख्या, म्हणजे विविधतेच्या हिशेबात धरायची कणसे = कणसे ÷ १.८२. वीस कणसे राखलीत तर गणितासाठी ती अकराच.

शीटमध्ये बियाण्यातल्या एखाद्या जनुकाच्या एका प्रकाराचे आधीचे प्रमाण घेऊन २ × ११, म्हणजे २२ सोडतींची द्विपद निवड करा. बायनॉम-इन्व्ह या फंक्शनला २२, आधीचे प्रमाण आणि रँड (० ते १ मधला यादृच्छिक आकडा देणारे फंक्शन) द्या, आणि उत्तर २२ ने भागा. प्रमाण ० किंवा १ झाले की तेच पुढे नेणारी इफ अट घाला, नाहीतर काही शीटमध्ये एरर येते. रँड प्रत्येक कळ दाबताना बदलते, म्हणून निकाल लागलीच केवळ मूल्ये म्हणून दुसरीकडे चिकटवा.

तपासणी सोपी आहे. सुरुवात ०.३ ने करून १,००० फेऱ्या सर्व स्थिर होईपर्यंत चालवा. त्या प्रकाराचा फायदा-तोटा काहीच नसेल तर सुमारे ३०० फेऱ्यांत प्रमाण १ वर थांबले पाहिजे. २७० ते ३३० च्या बाहेर गेले तर सूत्र तपासा.

दहा रब्बी हंगामांनंतर विविधता (१ − १⁄२२) चा दहावा घात, म्हणजे ६३ टक्के उरते. दोनशे कणसे राखली तर परिणामकारक संख्या ११० आणि उरलेली विविधता ९५ टक्क्यांहून जास्त. अकराच्या संख्येत १⁄२२, म्हणजे साडेचार टक्क्यांहून कमी फायद्याचा गुण निवडीला दिसतच नाही. चांगला गुणही योगायोगाने जाऊ शकतो. फक्त सर्वांत मोठी कणसे, तीही एकाच वाफ्यातली, घेतली तर ती एकमेकांची भावंडे असतात आणि अकराही उरत नाहीत. म्हणून रानाच्या वेगवेगळ्या भागांतून कणसे घ्या आणि प्रत्येकाचे सारखेच बी मिसळा.

हे गणित भगव्या डाळिंबाला लावू नका. ती बाग गुटी कलमांची असते. हजार झाडे लावली तरी जनुकीय दृष्टीने झाड एकच. तिथे उत्क्रांत होतो तो तेल्याचा जिवाणू, आणि त्याच्या दृष्टीने एका वाणाच्या सलग पट्ट्यात र (इथे त्या एका वाणाचा वाटा) जवळपास १ च असतो. सुरुवातीचे सूत्र तिथे वापरायचे तर र साठी बागेचे क्षेत्र पुरत नाही; परिसरातल्या सगळ्या बागांचे क्षेत्र वाणवार मोजून आणा.