वेदीवरची मूर्ती कामाला घेताना

संग्रहालयातील लाकडी शिल्प आणि चर्चच्या वेदीवरची मूर्ती यांच्या संवर्धनात रसायने व हत्यारे बहुतांशी सारखीच असली, तरी दुसऱ्या कामात निर्णयाचा अधिकार संवर्धकाच्या एकट्याच्या हाती नसतो, आणि अभ्यासक्रमात या बाजूकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वसई परिसरातील एका धर्मग्रामासाठी (पॅरिशसाठी) मरियामातेच्या रंगीत लाकडी मूर्तीवर काम करताना आलेला अनुभव या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल, असे वाटते.

आधी शिक्षणाविषयी थोडेसे. विज्ञान, इतिहास किंवा चित्रकला यांपैकी कोणत्याही विषयाची पार्श्वभूमी चालते, पण रसायनशास्त्राची भीती मात्र सोडावी लागते. पूर्वी दिल्लीत असलेल्या नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूटमध्ये (आताची नोएडातील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज) कलासंवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळत आले आहे, लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा प्रशिक्षणवर्ग घेते आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. ख्रिस्ती कलेकडे वळायचे असेल, तर जुन्या गोव्यातील सांता मोनिका कॉन्व्हेंटमधले ख्रिस्ती कला संग्रहालय वही-पेन्सिल घेऊन सावकाश पाहावे. लाकूड, हस्तिदंत आणि चांदी यांच्यावर स्थानिक कारागिरांचा हात कसा फिरला, हे तिथे जितके कळते तितके छायाचित्रांतून कळत नाही.

काम स्वीकारण्यापूर्वी लेखी परवानगीचा प्रश्न मिटवावा. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११८९ नुसार, प्राचीनता, कलामूल्य किंवा भक्ती यांमुळे महत्त्वाची ठरलेली आणि चर्चमध्ये पूजनासाठी ठेवलेली मौल्यवान प्रतिमा दुरुस्तीला काढायची असेल, तर बिशपांची लेखी अनुमती लागते आणि ती देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा असतो. अनेक धर्मग्रामांत ही तरतूद कोणाला ठाऊकच नसते आणि सणाच्या आधी रंगाऱ्याला बोलावून ऑइलपेंटचा एक हात मारला जातो. त्यामागे बेफिकिरी नसते, आपल्या मातेने सणाला नवे दिसावे ही माया असते, म्हणून बोलणी करताना आवाजात उपदेश येऊ देऊ नये.

वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि त्या परंपरेतील मूर्तींच्या रंगकामाची रचना समजून घेतल्याशिवाय कापसाचा बोळाही लावू नये. लाकडावर सरस आणि खडू किंवा जिप्सम यांचा पांढरा लेप, त्यावर तांबूस मातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख घोटून चमकवलेला, मग वर्खावर रंग चढवून तो टोकदार हत्याराने खरवडून काढलेली नक्षी, असा वस्त्रांचा क्रम असतो. आमच्या मूर्तीवर त्याच्याही वर ऑइलपेंटचे जाड थर होते. तिरप्या प्रकाशात सुटलेले पापुद्रे दिसतात, अतिनील प्रकाशात नंतरची रंगदुरुस्ती बहुधा गडद उमटते, आणि क्ष-किरणांनी आतले खिळे व सांधे कळतात. हे सारे झाल्यावर आडबाजूला वरचे थर काढून नखाएवढ्या चाचणीच्या खिडक्या उघडाव्यात.

वस्त्रांखालचे सोने शाबूत निघाल्यामुळे तिथे मतभेद झाला नाही. खरी चर्चा चेहऱ्यावर अडली. तिथे तीन थर होते: तळाशी मूळ त्वचारंग, जो नाक आणि कपाळाजवळ बराच झिजला होता, त्यावर एका जाणत्या हाताने केलेले जुने पुनर्रंगकाम, आणि सर्वांत वर गुलाबी, चकचकीत ऑइलपेंट. मूळ ते अस्सल असे आम्ही शिकलेलो असतो, परंतु धर्मग्रामातील वृद्ध स्त्रियांनी ज्या चेहऱ्यापुढे आयुष्यभर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली तो चेहरा मूळ नव्हता, आणि झिजलेले नाक उघडे पाडून त्यांना अस्सलपणा समजावणे मला उद्धटपणाचे वाटले. फादर आणि पॅरिश कौन्सिल यांच्यासमोर खिडक्या दाखवून आम्ही फक्त वरचा थर काढण्याचा व मधला राखण्याचा प्रस्ताव ठेवला, आणि तो मान्य झाला. काही सहकाऱ्यांना ही तडजोड वाटते. माझ्या मते ते पुनर्रंगकामही मूर्तीच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तळाचा थर त्याखाली सुरक्षितच राहतो.

ऑइलपेंट काढण्यासाठी द्रावक जेलमध्ये मिसळून थोडा वेळ ठेवला जातो आणि मऊ झालेला थर भिंगाखाली स्काल्पेलने उचलला जातो. या कामाला मनाजोगता वेग कधीच येत नाही. सुटलेला रंग त्याआधीच सौम्य सरसाने किंवा पॅरालॉइड बी-७२ या अॅक्रिलिक राळेच्या पातळ द्रावणाने बसवून घ्यावा. लाकडातून ताजी भुकटी पडत असेल, तर किडे जिवंत असण्याची शक्यता धरून मूर्ती हवाबंद आवरणात, प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांसह काही आठवडे ठेवावी. रॉकेल ओतण्याचा घरगुती उपाय रंगाच्या मुळावर येतो. उडालेल्या जागा भरताना रोममध्ये संवर्धनतज्ज्ञ चेझारे ब्रांदी यांच्या संस्थेत विकसित झालेली बारीक उभ्या रेषांची पद्धत वेदीवरच्या मूर्तीला विशेष योग्य ठरते, कारण गुडघे टेकलेल्या भाविकाला रेषा एकजीव दिसतात आणि जवळून पाहणाऱ्या अभ्यासकाला नवे काम ओळखता येते.

सणाच्या तारखेला बांधील राहून करार करू नये. नोव्हेनापूर्वी (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेपूर्वी) मूर्ती हवीच असेल, तर रंग बसवून व सांधे मजबूत करून ती द्यावी आणि उरलेले काम सणानंतर पुन्हा हाती घ्यावे, असे कलम आधीच लिहून घ्यावे. मिरवणुकीत मूर्ती खांद्यावरून जाणार असेल, तर चौथऱ्याची पकड व वजन यांची तपासणी हाही तुमच्याच कामाचा भाग समजावा.

हस्तांतराच्या वेळी छायाचित्रे, वापरलेली द्रव्ये आणि राखलेले थर यांची नोंद मराठीत लिहून चर्चच्या दप्तरात ठेवावी, आणि वेदीची देखभाल करणाऱ्यांना सूचनांचा एक कागद द्यावा: ओले फडके लावू नये, फुलांचा हार थेट रंगावर टेकू देऊ नये, मेणबत्त्या काजळी पोहोचणार नाही इतक्या दूर ठेवाव्यात, आणि पावसाळ्यात मूर्तीची पाठ ओलसर भिंतीपासून हातभर पुढे असावी.