होम थिएटर पीसी: प्लेअर बदलण्याआधी या चुका टाळा

टीव्हीला पीसी जोडला, सिनेमा लावला, आणि चित्र अडखळायला लागलं की बहुतेक जण पहिल्यांदा एकच काम करतात: दुसरा प्लेअर डाउनलोड करतात. तोही अडखळला की तिसरा, आणि वर एखादं कोडेक पॅक (व्हिडिओ आणि आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रॅमांचा गठ्ठा). दोष बहुतेक वेळा प्लेअरमध्ये नसतोच. तो फाइलपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो: नेटवर्कची केबल, ग्राफिक्स ड्रायव्हरची एखादी सेटिंग, एचडीएमआय पोर्ट, टीव्हीचा मेनू. ही वाट क्रमाने तपासायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ वाचवायला गेलेली माणसं पुढे महिनोन् महिने सेटिंग्ज चाचपत बसतात.

खालची उदाहरणं कोडी या मोफत प्लेअरमधली आहेत, पण चुका कुठल्याही प्लेअरवर याच होतात.

टीव्ही ६० हर्ट्झवर सोडून देणे

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. डिस्कवरून आलेल्या बहुतेक फाइलींत हा आकडा नेमका २३.९७६ असतो. पीसी मात्र टीव्हीला जोडल्याबरोबर ६० हर्ट्झ धरतो, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० फेऱ्यांत नव्याने काढलं जातं. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतात, आणि अर्धा फेरा दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम दोन फेरे दाखवली जाते, पुढची तीन. प्रत्येक फ्रेम पडद्यावर ४१.७ मिलिसेकंद राहायला हवी. प्रत्यक्षात एक ३३ मिलिसेकंद राहते, दुसरी ५०.

दोन माणसं बसून बोलत असतील तर हे कळतही नाही. कॅमेरा सावकाश आडवा फिरू लागला, किंवा शेवटची श्रेयनामावली वर सरकू लागली, की चित्र बारीक बारीक झटके देतं. पीसी कमी ताकदीचा आहे असं वाटून लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात. झटके तिथेच राहतात, कारण नव्या कार्डालाही ६० भागिले २४ अडीचच येतात.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे टीव्हीचं मोशन स्मूदिंग चालू करणं. ते मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतं. झटके कमी होतात खरे, पण हलत्या हाताभोवतीच्या कडा विरघळतात आणि सिनेमाचं सगळं रूप स्टुडिओतल्या मालिकेसारखं होतं. छायाचित्रकाराने ठरवलेली हालचाल टीव्हीच्या हिशेबावर सोडू नये, हे माझं ठाम मत आहे.

खरा उपाय असा. कोडीत सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज या पानावर 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' शोधा आणि 'ऑन स्टार्ट/स्टॉप' निवडा. पर्याय दिसत नसेल तर डावीकडे खालच्या कोपऱ्यातली पातळी 'एक्स्पर्ट' करा. आता २३.९७६ ची फाइल लावली की टीव्ही २३.९७६ हर्ट्झवर जाईल, २५ फ्रेमची लावली की ५० वर, आणि सिनेमा संपला की परत ६० वर. खात्रीसाठी टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. चालू सिग्नलचा आकडा तिथे दिसतो. कीबोर्डवर इंग्रजी 'ओ' दाबलं की फाइलचा फ्रेमरेट कोडी दाखवतो. दोन आकडे जुळले पाहिजेत.

विंडोज १० च्या यादीत '२३ हर्ट्झ' आणि '२४ हर्ट्झ' असे दोन पर्याय दिसतात. पहिला म्हणजे २३.९७६, दुसरा म्हणजे पूर्ण २४. फरक नगण्य वाटतो, पण २३.९७६ ची फाइल २४ वर चालवली तर दर ४२ सेकंदांच्या आसपास एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. नजरेत भरेल असा हा एक झटका.

फेरा बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. एवढीही कळ न काढणारे लोक हा पर्याय बंद करतात किंवा डेस्कटॉपच कायमचा २४ हर्ट्झवर ठेवतात, मग माउस आणि मेनू चिखलातून चालल्यासारखे सरकतात. यातलं काहीच करू नका. सिनेमाचे पहिले संवाद काळ्या पडद्यात निघून जात असतील तर रिफ्रेश रेट बदलल्यानंतर थांबण्याचा काळ डिस्प्लेच्या पानावर ३ सेकंद करा. आणि 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' बंद ठेवा: त्यात व्हिडिओचा वेग ढकलला जातो, आवाज त्याच्याशी जुळवला जातो आणि पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पेटीला, पाठवणं) बंद पडतो.

कोडेक पॅक टाकणे

टाकू नका. कोडी, व्हीएलसी, एमपीव्ही हे सगळे आपापले डिकोडर सोबत घेऊन येतात. पॅकने त्यांच्यात काडीचाही बदल होत नाही. बिघडतात ते विंडोजचे फिल्टर (फाइल उलगडणारे सामायिक भाग) वापरणारे प्लेअर, कारण एकाच प्रकारच्या फाइलीवर दोन-तीन फिल्टर हक्क सांगू लागतात. पॅक काढलं तरी नोंदी मागे उरू शकतात आणि कधी कधी शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं.

फाइल खरोखर जड जात असेल तर प्रश्न हार्डवेअर डिकोडिंगचा, म्हणजे फाइल प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने उलगडण्याचा असतो. सिनेमा चालू असताना इंग्रजी 'ओ' दाबून डिकोडरच्या नावापुढे काय आहे ते पाहा: हार्डवेअर की सॉफ्टवेअर. फोरके एचडीआर सिनेमे बहुतेक १० बिट एचईव्हीसीत असतात (एचईव्हीसी, एव्ही१, एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती). इंटेलच्या सहाव्या पिढीच्या चिपमध्ये ८ बिट एचईव्हीसीची पूर्ण सोय आहे, १० बिटची सातव्या पिढीपासून. एनव्हिडियात १०-मालिकेपासून काळजी नाही. एव्ही१ हवं असेल तर इंटेलची अकरावी पिढी किंवा एनव्हिडियाची ३०-मालिका लागते. रास्पबेरी पाय ५ मध्ये एचईव्हीसीचा डिकोडर आहे, पण एच.२६४ चा नाही; ते काम प्रोसेसर करतो. चिप न पाहता रॅम वाढवणं हा पैशांचा अपव्यय आहे. सिनेमे लावायला ८ जीबी भरपूर होते.

केबलचा वेग न तपासणे

एका मांडणीतला हा प्रसंग वाचून ठेवा, कारण तो वेगवेगळ्या रूपांत वारंवार समोर येतो. फोरके टीव्ही, लहान पण चांगला पीसी, दुसऱ्या खोलीत फाइलींचा सर्व्हर, मधे नेटवर्क केबल. एक सिनेमा तासभर सुरळीत चालायचा आणि पावसातल्या मारामारीच्या प्रसंगाला दर वेळी त्याच मिनिटाला थांबायचा. मालकाने आधी प्लेअर बदलला. मग रॅम ८ वरून १६ जीबी केली. मग सर्व्हरमधली हार्ड डिस्क काढून महागडी एसएसडी घातली. थांबणं हटलं नाही. शेवटी तीच फाइल यूएसबी डिस्कवर घेऊन पीसीला थेट जोडली, आणि सिनेमा एकदाही न थांबता संपला.

ही चाचणी पहिल्या दिवशी करायची असते. थेट जोडल्यावर चालतं म्हणजे पीसी, डिकोडर आणि फाइल तिन्ही निर्दोष. राहिलं फक्त नेटवर्क. विंडोजमध्ये जोडणीच्या गुणधर्मांत लिंक स्पीड पाहिला तर तो १००० ऐवजी १०० मेगाबिट होता. टीव्हीच्या कॅबिनेटच्या पायाखाली केबल दबली होती. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखादी जोडी तुटली की बरीच उपकरणं कुठलीही सूचना न देता १०० वर उतरतात. इंटरनेट चालतं, गाणी चालतात, साध्या एचडी फाइली चालतात, त्यामुळे शंका येत नाही.

आता हिशेब पाहा. ६० जीबीचा दोन तासांचा सिनेमा म्हणजे सरासरी सेकंदाला ६७ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या केबलमधून प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात, म्हणजे सरासरीने पाहिलं तर सगळं ठीक. पण सरासरीने सिनेमा चालत नाही. पाऊस, धूर, फिल्मचा दाणा, पाण्याचे तुषार अशा दृश्यांत प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी असते आणि क्षणिक वेग १०० च्या वर सहज जातो. कोडीचा मूळचा बफर (पुढचा भाग आधीच आणून ठेवण्याची जागा) २० एमबीच्या आसपास; ६७ च्या वेगाने तो अडीच सेकंदांतच संपतो.

केबल बदला, कॅट ५ई पुरते. कोडी २१ मध्ये सेटिंग्ज, सर्व्हिसेस, कॅशिंग इथे बफर २५६ एमबी करा, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा साठा हाताशी राहतो. पण बफर वाढवून १०० मेगाबिटची केबल तशीच ठेवू नका. जड दृश्य लांबलं की तो साठाही आटतो. बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, तेव्हा टीव्हीतल्या अ‍ॅपवर फाइल अडखळली म्हणून सर्व्हरला बोल लावू नका. वायफायवर मोठ्या फाइली चालवायच्या असतील तर पाच मिनिटं सलग वेग मोजा आणि त्यातला सर्वांत कमी आकडा धरा.

आणि एसएसडीबद्दल: सिनेमे ठेवायला तिची गरज नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढे वाचते, म्हणजे ८०० मेगाबिट. एसएसडी फक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी घ्या.

काळा रंग दोनदा बदलणे

व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. पीसीच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५. पीसी पूर्ण पल्ला पाठवतोय आणि टीव्ही मर्यादित पल्ला धरून बसलाय, असं झालं की अंधारातले तपशील काळ्यात बुडतात. उलट झालं की रात्रीचं आकाश राखाडी, सगळ्या चित्रावर धुक्याचा थर. इथे लोक टीव्हीचा ब्राइटनेस आणि काँट्रास्ट फिरवत बसतात आणि चित्र आणखी बिघडवतात.

बदल वाटेत एकाच ठिकाणी व्हावा, एवढंच पाळा. ड्रायव्हरमध्ये आउटपुट 'फुल' ठेवला असेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचा ब्लॅक लेव्हलही पूर्ण पल्ल्याचा करा, आणि कोडीतला '१६-२३५' चा पर्याय बंद ठेवा. टीव्हीत ती सोयच नसेल तर ड्रायव्हरमध्ये 'लिमिटेड' करा आणि कोडीतला पर्याय तरीही बंदच ठेवा. तोही चालू केलात तर तेच रूपांतर दोनदा होतं. मग काळ्या पट्ट्यांचं चाचणी चित्र लावा: १६ आणि त्याखालच्या पट्ट्या काळ्यात मिसळलेल्या, १८-१९ पासून पुढच्या जेमतेम दिसणाऱ्या, हे बरोबर. ब्राइटनेसला हात लावायचा तो यानंतर.

थोडक्यात बाकीच्या

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करा ('जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशी नावं असतात). ड्रायव्हरमधून चित्र आकसून घेतलं तर एकास एक पिक्सेल राहत नाही आणि सगळं मऊ दिसतं.

फोरके ६० हर्ट्झ मिळत नसेल तर आधी टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टची वाढीव क्षमता चालू आहे का पाहा. अनेक टीव्हींत ती बंदच येते. एचडीएमआय १.४ वर फोरके ३० हर्ट्झपर्यंतच जातं. चित्रात चमचमणारे ठिपके दिसले तर केबल कमी पडतेय. पाच मीटरपुढे स्वस्त साध्या केबलवर भरवसा ठेवू नका.

ऑप्टिकल केबलमधून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर हे डिस्कवरच्या उच्च दर्जाच्या आवाजाचे प्रकार जात नाहीत. साध्या एआरसीमधूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच परत रिसीव्हरला पाठवण्याची सोय) नाहीत. त्यासाठी पीसीची एचडीएमआय थेट रिसीव्हरला जोडा किंवा दोन्ही टोकांना ईएआरसी, म्हणजे एआरसीची वाढीव आवृत्ती, असू द्या. विंडोजवर कोडीच्या यादीतून 'डायरेक्टसाउंड' नव्हे, 'वासापी' ने सुरू होणारं उपकरण निवडा, नाहीतर या प्रकारांचा पासथ्रू मिळणार नाही. रिसीव्हरला जे जमतं तेवढ्याच प्रकारांवर खूण करा. सगळ्यांवर केली की काही फाइली मुक्या होतात.

एफएटी३२ डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सएफएटी करा, सिनेमाचे तुकडे पाडू नका.

प्रत्येक सिनेमाचं स्वतंत्र फोल्डर, नावात कंसात वर्ष, आणि सबटायटलच्या फाइलीला नेमकं तेच नाव. मालिका आणि घरचे व्हिडिओ वेगळ्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा. हे 'नंतर करू' म्हणणाऱ्यांना पाचशे फाइली हाताने सुधाराव्या लागतात. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट निवडा. विचित्र चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा.

बंद कॅबिनेटमध्ये पीसी कोंबू नका. गरम झाला की पंखा वाढतो आणि शांत प्रसंगात तोच ऐकू येतो. मागची फळी उघडी ठेवा, चारही बाजूंना ८-१० सेंटिमीटर मोकळे सोडा, आणि लहान वेगवान पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा संथ पंखा बसवा.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल असं गृहीत धरू नका. बहुतेक ग्राफिक्स कार्डांत सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे आदेश पोचवण्याची सोय) नसतं. त्यासाठी यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. रास्पबेरी पायमध्ये ते असतं.

पीसी आधी आणि टीव्ही नंतर चालू केला की कधी कधी पीसीला पडद्याची ओळख मिळत नाही. रिझोल्यूशन घसरतं किंवा आवाजाचं उपकरण गायब होतं. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग पीसी.

सगळं जुळलं की सिस्टीम डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर उगाच अपडेट करू नका. केलाच तर लगेच दोन गोष्टी तपासा: रंगाचा पल्ला आणि २३.९७६ चा फेरा. अपडेटनंतर यातली एखादी सेटिंग मूळपदावर गेलेली सापडते.